चुंबकाने फसवलं!

दोस्तांनो, गेल्या दिवाळीत माझी चांगलीच फजिती झाली. आईला नवी सुरी हवी होती. भांड्यांच्या दुकानात जाताना मी खिशात लोहचुंबक टाकलं. चुंबक चिकटलं नाही तर स्टील अस्सल, हे लहानपणापासून ऐकलेलं ना! दुकानदाराने दाखवलेल्या चार सुऱ्यांना चुंबक टचकन चिकटलं. मी ऐटीत त्या परत केल्या. पाचवी एकदम चकचकीत होती आणि तिला चुंबक काही चिकटेना. तीच घेतली. दुकानदार नुसताच हसला.

पंधरा दिवसांत ती टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागली. आईने जोर लावला आणि पातं थेट बोटावर! बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त धोक्याची, ती अशी.

चुंबक बिचारं खरंच बोलत होतं. मीच उलटं ऐकलं.

स्टेनलेस स्टीलचं कुटुंब मोठं आहे. चांगल्या ताट-वाट्यांच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते, म्हणून चुंबक चिकटत नाही. हे स्टील सहसा गंजत नाही, पण असतं मऊ. तापवून पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही. सुरीची धार टिकायला तर कडकपणाच हवा! म्हणून सुरीच्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसतं. क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन जरा जास्त. पातं सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड केलं, की कार्बनचे अणू लोखंडात अडकून बसतात आणि पातं कडक होतं. लोहार कोयत्याला 'पाणी पाजतो' ना, तसंच. या स्टीलला चुंबक चिकटतंच.

१९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली याने बंदुकीच्या नळ्यांसाठी प्रयोग करताना बनवलेलं स्टील याच जातीचं. शेफील्ड हे सुऱ्यांचंच गाव. पण सुरुवातीला तिथल्या कारागिरांना ते नीट जमेना, आणि 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा' म्हणून बिचाऱ्याची थट्टा झाली.

मात्र चुंबक चिकटलं म्हणजे सुरी उत्तमच, असंही नाही हं. कमी कार्बनचं स्वस्त स्टीलही चिकटतं. तेव्हा चुंबकाने फक्त नापास करायचं. पास करायचं टोमॅटोने! सुरी महिनाभर वापरा. त्यानंतरही पिकलेल्या टोमॅटोची साल न दाबता कापली गेली, तर पातं चांगलं. (हा प्रयोग आईबाबांसमोरच करायचा.)

आणि चांगली सुरीसुद्धा रात्रभर मिठाच्या पाण्यात किंवा चिंचेच्या कोळात पडून राहिली, तर तिच्यावर तपकिरी ठिपके येतात. म्हणून ती खोटी ठरत नाही. वापरली की धुऊन, पुसून ठेवायची.

माझी ती चकचकीत सुरी आता फक्त वड्या पाडते. नवी घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "काय साहेब, आज चुंबक नाही आणलंत?"