दिवे हिरवे, तरी साइट उघडेना!

परवा धाकटीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, आणि साइट काही केल्या उघडेना! राउटरचे दिवे मात्र सगळे हिरवे. मैत्रिणींनो, अशा वेळी ब्राउझरमध्ये नावाऐवजी १.१.१.१ असे इंग्रजी आकड्यांत टाकून पाहा. पान उघडले, तर लाइन ठीक आहे. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारा कंपनीचा डीएनएस तेवढा रुसलेला असू शकतो. राउटरच्या सेटिंगमधले जुने डीएनएस आकडे आधी वहीत उतरवून ठेवा (हे विसरू नका हं!), मग तिथे ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. पहिला गूगलचा, २००९ पासूनचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा. दोन्ही फुकट. राउटर बंद करून पुन्हा लावा. आमचे यजमान तक्रार नोंदवायला फोन धरून बसले होते, तोवर इकडे फॉर्म भरूनही झाला!