परदेशी पोपटांचा आरोग्य-दाखला

पोपटांच्या व्यापारावर शेतकऱ्यांच्या मासिकांत लेख लिहिण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. पोपट हा शेतकऱ्याचा कांहीं मित्र नव्हे. हुरड्यास आलेल्या ज्वारीची व पिकावयास लागलेल्या पेरूंची तो काय दशा करितो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्यांतहि परदेशांतून येणारे काकाकुवा, मॅकाव व आफ्रिकेंतील करडे पोपट हा तर शहरांतील हौशी धनिकांचा विषय. तथापि ज्यांच्या शेतावर आज पांचशें किंवा पांच हजार कोंबड्या आहेत, त्यांनीं हा लेख अवश्य वाचावा अशी आमची विनंति आहे. परदेशी पोपटाबरोबर जो कागद येतो व त्यावर तेथील सरकारी पशुवैद्याची जी सही असते, ती खरी कीं खोटी ह्याचें फळ विकणाऱ्यापेक्षां व घेणाऱ्यापेक्षां कोंबड्या पाळणाऱ्यासच अधिक भोगावें लागतें.

जनावर एका देशांतून दुसऱ्या देशांत नेतांना त्याच्या निरोगीपणाची हमी असावी ह्या कल्पनेस जगभर एक शिस्त लागली, तिचें निमित्त आपल्याच देशांतील गुरें होत. सन १९२० सालीं हिंदुस्थानांतून ब्राझीलला निघालेलीं वशिंडाचीं गुरें वाटेंत बेल्जममधील अँटवर्प बंदरांत उतरलीं. त्यांच्या अंगांत बुळकांडी होती. ज्या बेल्जमनें हीं गुरें विकलीं नव्हतीं कीं विकतहि घेतलीं नव्हतीं, त्या देशाच्या गोठ्यांत रोग शिरला आणि सारा युरोप हादरला. पुढच्याच वर्षीं पॅरिस येथें परिषद भरली व ता. २५ जानेवारी १९२४ रोजीं २८ राष्ट्रांनीं करार करून जनावरांच्या सांथींविषयीं एक कायमची कचेरी तेथें स्थापिली. तीच संस्था आज जागतिक पशुस्वास्थ्य संघटना ह्या नांवानें ओळखली जाते, व देशोदेशींच्या आरोग्य-दाखल्यांचे नमुने तिच्या नियमांवरून तयार होतात. ज्या बुळकांडीनें आपल्या आजे-पणज्यांच्या दावणी ओस पाडल्या, ती २०११ सालीं पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. इतकें मोठें काम ज्या व्यवस्थेच्या साहाय्यानें झालें, तिच्याकडे कारकुनी उपद्व्याप म्हणून पाहणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

पोपटाच्या बाबतींत पहिला बोभाटा झाला तो मनुष्याच्या जिवावरून. पोपटापासून माणसास होणाऱ्या तापाची हकीकत १८७९ सालीं स्वित्झर्लंडमध्यें प्रथम नोंदली गेली, आणि १९२९-३० च्या हिंवाळ्यांत दक्षिण अमेरिकेंतून गेलेल्या पोपटांबरोबर हा ताप युरोप व अमेरिका खंडांतील अनेक देशांत पसरला. जानेवारी १९३० मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर यांनीं पोपटांच्या आयातीस बंदी घातली. हा रोग फुप्फुसांस धरतो. आतां त्यावर उपाय आहे, सबब त्याचा विस्तार येथें करीत नाहीं.

कोंबडीवाल्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट निराळी आहे, व ती कॅलिफोर्नियांतील आहे. आपल्याकडे ज्यास मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. १९२६ सालीं जावा बेटांत व इंग्लंडांत न्यूकॅसल येथें आणि १९२७ सालीं आपल्या कुमाऊं डोंगरांत राणीखेत येथें तो दिसला, म्हणून त्यास आपण राणीखेत व इतर जग न्यूकॅसल म्हणतें. ह्या रोगाचा अत्यंत जहाल प्रकार १९७१ सालीं दक्षिण कॅलिफोर्नियांतील कोंबड्यांत शिरला. शोधाचा माग लॅटिन अमेरिकेंतून हौसेसाठीं आणलेल्या पोपटांपर्यंत गेला. रोगाचें निर्मूलन होईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. सुमारें १ कोटी २० लक्ष पक्षी मारावे लागले. सरकारी खजिन्यांतून सुमारें ५ कोटी ६० लक्ष डॉलर खर्च झाले. पिंजऱ्यांतील पोपट विकून व्यापाऱ्यास काय नफा झाला असेल त्याचा व ह्या हानीचा मेळ वाचकांनींच घालून पाहावा. त्यानंतर अमेरिकेनें बाहेरून येणारा प्रत्येक पक्षी निदान ३० दिवस सरकारी देखरेखीखालीं अलग ठेवण्याचा नियम केला. सर्वस्व गेल्यावर केलेला तो नियम होता.

येथें कोणी म्हणेल कीं, दाखला तपासला असता तर हें टळलें असतें. आमचें म्हणणें असें कीं, नुसता दाखला कितीहि तपासला तरी तें टळेलच असें नाहीं. कारण दाखल्यांत काय लिहिलें असतें तें आधीं पाहिलें पाहिजे. ‘आज रोजीं मीं पक्षी पाहिला व त्यांत रोगाचें कोणतेंहि लक्षण दिसलें नाहीं’ एवढाच मजकूर असेल, तर बैलाच्या बाबतींत त्याचा थोडाफार उपयोग होईल. पोपटाच्या बाबतींत जवळजवळ नाहीं. पोपट हा आपलें दुखणें लपविणारा पक्षी आहे. रानांत जो अशक्त दिसेल त्यास ससाणा उचलतो, म्हणून अंगांत बळ असेपर्यंत तो ताठच बसतो. शिवाय रोग अंगांत असूनहि बाहेर न दिसणें ही पोपट-जातीची खोडच आहे. राणीखेतची लागण झालेले कांहीं पोपट बरे दिसूं लागल्यावरहि वर्षाहून अधिक काळ अधूनमधून विष्ठेवाटे विषाणु टाकीत असल्याचें प्रयोगांत आढळलें आहे. पोपट-तापाचे जंतूहि असेच दडून राहतात, आणि प्रवासाचा शीण, थंडी व दाटी झाली कीं बाहेर पडूं लागतात. म्हणजे दाखल्यावर सही होते तेव्हां पक्षी निरोगी दिसतो, व विमानांतून उतरतो तेव्हां रोग वाटीत उतरतो. आणि सही करणारा वैद्य प्रामाणिक असला तरी असें घडूं शकतें.

ह्याच कारणास्तव वर सांगितलेल्या जागतिक संघटनेनें पोपट-तापासाठीं जो नमुना दिला आहे त्यांत केवळ एका दिवसाच्या तपासणीवर भिस्त ठेवलेली नाहीं. पाठवणीपूर्वीं ४५ दिवस पक्षी पशुवैद्याच्या देखरेखीखालीं होता व तेवढ्या मुदतींत त्यास क्लोरटेट्रासायक्लिन हें औषध दिलें गेलें, असें वैद्यानें लिहून द्यावयाचें असतें. आमच्या मतें दाखल्याचा सारा जीव ह्या ४५ दिवसांत आहे. पक्षी कोणत्या पिंजऱ्यांत होता, त्याच्या शेजारीं कोण होतें, त्या मुदतींत तेथें कोणता पक्षी मेला व तो कशानें मेला, हें ज्या वैद्यास ठाऊक आहे त्याच्याच सहीस किंमत द्यावी. विमानतळावर पेट्या रचून झाल्यावर बोलावून आणलेल्या वैद्याची सही ही केवळ शाई होय.

जेथें पक्षी पोंचतो तेथेंहि त्यास अलग ठेवणें जरूर आहे. पण अलग ठेवण्यालाहि अक्कल लागते. ऑक्टोबर १९०५ नव्हे, तर अगदीं अलीकडे २००५ च्या ऑक्टोबरांत इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत क्वारंटाईनमध्यें ठेवलेल्या पक्ष्यांत एच-५-एन-१ जातीचा बर्ड फ्लू सांपडला. प्रथम दक्षिण अमेरिकेंतील सुरीनामहून आलेल्या एका पोपटावर आळ आला व सर्व वर्तमानपत्रांत बिचाऱ्याची बदनामी झाली. मागाहून चौकशींत असें दिसलें कीं, त्याच ठिकाणीं तैवानहून आलेले मेसिया नांवाचे लहान पक्षी मेले होते, पोपटाचा नमुना त्यांच्या नमुन्यांत मिसळला गेला होता, आणि रोगाचें मूळ बहुधा त्या मेसियांतच होतें. रोग भिंतींच्या आंत अडला ही क्वारंटाईनची कर्तबगारी; दोन खंडांतील पक्षी एका छपराखालीं कोंडले ही तिची अब्रू घालविणारी गोष्ट. त्यानंतर युरोपीय संघानें बाहेरील पक्ष्यांची आयात थांबविली, व १ जुलै २००७ पासून रानांत धरलेल्या पक्ष्यांस कायमची बंदी करून, मान्यताप्राप्त पैदास-केंद्रांत जन्मलेल्या पक्ष्यांसच तेवढा दरवाजा उघडा ठेविला. हें धोरण आम्हांस सर्वांत शहाणपणाचें वाटतें. कारण त्यांत पक्ष्याबरोबरच तो जेथें वाढला त्या जागेचीहि परीक्षा होते.

आतां आपल्या देशाकडे वळूं. देशी पोपट पिंजऱ्यांत ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालीं मनाई आहे. ‘विठू विठू’ म्हणणारा राघू ओसरीवर टांगण्याचे दिवस कायद्यानें गेले. परिणामीं हौसेचा ओघ परदेशी पक्ष्यांकडे वळला. परदेशी वन्य प्राण्यांच्या नोंदीसाठीं २०२० सालीं केंद्र सरकारनें ऐच्छिक योजना काढली, २०२२ सालीं कायदा दुरुस्त झाला व २०२४ सालीं नोंदणीचे नियम आले. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु येथें पुष्कळांचा एक घोटाळा होतो तो दूर केला पाहिजे. वन्यजीवांच्या व्यापाराविषयीं जो जागतिक करार १९७५ पासून अंमलांत आहे, त्याचा परवाना किंवा वनखात्याची नोंद हे कागद पक्षी कोणाचा व कोठून मिळविला एवढेंच सांगतात. त्याच्या अंगांत राणीखेत आहे कीं नाहीं ह्याचा त्यांत एक शब्दहि नसतो. तें काम १८९८ च्या पशु-आयात कायद्याखालीं मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता वगैरे ठिकाणच्या पशु-क्वारंटाईन कचेऱ्यांचें आहे. वनखात्याची नोंद दाखवून ‘सर्व कागद आहेत’ असें म्हणणाऱ्या विक्रेत्यास आमच्या वाचकांनीं दुसरा कागद कोठें आहे असें विचारावें.

आणि जो पक्षी चोरवाटेनें आला त्यास तर हाहि कागद नाहीं व तोहि नाहीं. जुलै २०२० मध्यें आसामच्या काचार जिल्ह्यांत मिझोरमकडून आलेल्या एका गाडींत कांगारू, कासवें व माकडें यांच्याबरोबर निळे मॅकाव सांपडले. २००४ सालीं ब्रुसेल्सच्या विमानतळावर एका प्रवाशाच्या हातांतील सामानांत थायलंडहून आणलेले दोन गरुड मिळाले, व त्या दोघांतहि बर्ड फ्लूचा विषाणु होता. सांपडले म्हणून हें कळलें.

पक्ष्यांच्या व्यापाऱ्यांचें गाऱ्हाणें असें कीं, नियम फार कडक केले म्हणजे चोरटा व्यापार वाढतो. ह्यांत तथ्य आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. सरसकट बंदीचा हिसका आपल्या सरकारनेंहि अनुभविला आहे. दुसऱ्या देशांत कोठेंहि बर्ड फ्लू दिसला कीं त्या संपूर्ण देशाच्या कोंबड्या व अंडीं बंद करावयाचीं, ह्या आपल्या नियमाविरुद्ध अमेरिका जागतिक व्यापार संघटनेकडे गेली आणि २०१५ सालीं अपिलांतहि आपण हरलों. तात्पर्य, प्रांतवार व पुराव्यानिशीं परीक्षा केल्याशिवाय दरवाजा लावतां येत नाहीं. पण म्हणूनच दरवाज्यावरील परीक्षा पक्की पाहिजे. पैदास-केंद्रांत जन्मलेल्या, पायांत न निघणारें क्रमांकाचें कडें असलेल्या पक्ष्यास सरळ व ठराविक मुदतींत परवाना मिळावा. त्याच्या घशाच्या व गुदद्वाराच्या नमुन्यांची प्रयोगशाळेंत तपासणी व्हावी. आणि अलग ठेवण्याचा सर्व खर्च आणणाराकडून घ्यावा. पन्नास हजारांचा पक्षी घेणारास तो जड जाऊं नये. फेब्रुवारी २००६ मध्यें नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हां (तो पोपटांमुळें आला असें आमचें म्हणणें नाहीं) लक्षावधि कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई सरकार देतें, परंतु महाराष्ट्रभर अंड्यांचे व कोंबड्यांचे भाव कोसळले त्याची भरपाई कोणास मिळाली? ज्यांचें इतकें पणास लागलें आहे, त्या कोंबडीवाल्यांच्या संघांस पक्ष्यांच्या आयातीचे नियम ठरतांना मत देण्याचा हक्क असावा, अशी मागणी आमच्या सभासदांनीं आपापल्या तालुक्यांतून ठराव करून सरकारकडे पाठवावी.

तोंपर्यंत घरचें घरीं करण्याजोगें कांहीं आहे. बाजारांत पुष्कळदां एकाच दुकानांत वरच्या पिंजऱ्यांत लव्हबर्ड व खालच्या पिंजऱ्यांत गावठी कोंबड्या असतात. अशा दुकानांतून कोंबडी अगर पिलें घेऊं नयेत. घरांतील मुलांच्या हट्टानें पिंजऱ्यांतला पक्षी आणलाच, तर तो खुराड्यापासून दूर ठेवावा, निदान ४५ दिवस त्याचें दाणापाणी करणारानें कोंबड्यांत पाऊल टाकूं नये, व त्याच्या पिंजऱ्याचा कचरा जाळावा. कोंबड्यांस राणीखेतची लस टोंचली आहे म्हणून निर्धास्त राहणें चुकीचें आहे. लसीनें कोंबडी वांचते, परंतु ती विषाणु बाहेर टाकूं शकते. पिंजऱ्यांतील पक्षी अकस्मात् मेल्यास तो उकिरड्यावर टाकूं नये. उघड्या हातांनीं न धरतां दुहेरी पिशवींत बांधून तालुक्याच्या पशुवैद्यास वर्दी द्यावी. तेथून नमुना पुण्यास औंध येथील रोगान्वेषण विभागाकडे जातो, व बर्ड फ्लूचा संशय असल्यास शेवटचा निर्णय भोपाळची प्रयोगशाळा देते.