दुखणे लपवणे म्हणजे शौर्य नव्हे




आंतरशालेय क्रिकेट स्पर्धा जवळ आली की मैदानावर एक वाक्य हमखास ऐकू येते, "सर, काही नाही, थोडंच दुखतंय." मी तरुण शिक्षक असताना या वाक्यावर विश्वास ठेवून एका मुलाला अंतिम सामन्यात खेळवले. शील्ड मिळाली. पुढच्या वर्षी त्या मुलाला चेंडू टाकता आला नाही. ती चूक माझी होती.

म्हणून अमेरिकेतील एका बेसबॉल संघाचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. वॉशिंग्टन नॅशनल्सच्या स्टीफन स्ट्रासबर्ग या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात १४ फलंदाज बाद केले. त्याच वर्षी त्याच्या कोपराचा अस्थिबंध फाटला व शस्त्रक्रिया करावी लागली. २०१२ मध्ये संघ ऐन भरात असताना महाव्यवस्थापक माइक रिझो यांनी सप्टेंबरमध्ये त्याला उरलेल्या हंगामासाठी विश्रांती दिली. ९८ सामने जिंकलेला संघ बाद फेरीत हरला. रिझोंवर खूप टीका झाली. पण २०१९ मध्ये हाच संघ अजिंक्य ठरला आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू होता स्ट्रासबर्ग! पुढे दुखापतींनी त्याला पुन्हा गाठले व २०२४ मध्ये तो निवृत्त झाला, हेही खरे. विश्रांती ही हमी नव्हे. पण मोजमाप न करता खेळवणे हा तर निव्वळ जुगार आहे.

तेथे २०१४ पासून मुलांसाठीही मार्गदर्शक नियम आहेत. ११-१२ वर्षांच्या पिचरने एका दिवसात ८५ पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत, असे ते सांगतात. आपली मुले मात्र सकाळी शाळेत, दुपारी कोचिंगमध्ये आणि संध्याकाळी कॉलनीत गोलंदाजी करतात. एकूण हिशेब कोणाजवळच नसतो.

या सत्रापासून प्रत्येक गोलंदाजाची एक वही राहील. त्यात शाळेतले व बाहेरचे सगळे चेंडू, जुनी दुखापत, थकवा आणि विश्रांतीचे दिवस लिहिले जातील. पालकांनी कृपया खरी नोंद करावी. विश्वस्तांना नम्र विनंती, एखादा सामना आपण हरलो तर आधी ही वही मागवावी, मग जाब विचारावा.

आणि मुलांनो, दुखत असेल तर सांगा. संघातली तुमची जागा त्यामुळे जाणार नाही, हा माझा शब्द आहे.

आपला,
प्राचार्य