सुगंधी मेणबत्ती आणि ‘आयुर्वेदिक’ ही मोहोर

गेल्या काही वर्षांत आपल्या औषधालयांच्या काउंटरवर च्यवनप्राश, दंतमंजन आणि केशतेल यांच्या शेजारी एक नवीन वस्तू येऊन बसली आहे. ती म्हणजे सुगंधी मेणबत्ती. काचेच्या पेल्यात किंवा पत्र्याच्या डबीत ओतलेली, वर वाळलेली पाकळी चिकटवलेली, आणि डबीवर ‘चंदन’, ‘वाळा’, ‘तुळस’ अशी आपल्या निघंटूतील नावे. बहुतेक वेळा ती कोणा मोठ्या कारखान्यातून आलेली नसते. घरच्या स्वयंपाकघरात एका वेळी वीस-पंचवीस नग ओतणारे लहान उत्पादक ती आणून देतात. त्यांच्या उद्योगाविषयी आम्हांस आदर आहे. प्रश्न उत्पादकाचा नाही, आपला आहे. ही वस्तू आपण कोणत्या नावाने आणि कोणत्या शब्दांत ग्राहकाच्या हाती देतो, याविषयी येथे काही विचार मांडावयाचा आहे.

नाशिकला हा विचार अधिक लागू पडतो. मोगल काळात या नगरीचे नाव गुलशनाबाद होते आणि तेथील गुलाबांची ख्याती होती. याच नाशकात १९०७ साली वैद्य शंकरदाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना झाली. २०२७ च्या सिंहस्थात देशभरातून येणारे यात्रेकरू रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर येथून काही ना काही सुगंधी वस्तू घरी नेतील. त्या वस्तूवर ‘आयुर्वेदिक’ हा शब्द असेल, तर त्याची जबाबदारी या नगरीतील वैद्यवर्गावरही येते.

शास्त्रात सुगंधाचे स्थान

मेणाची वात आणि औषध यांचा संबंध आपल्या शास्त्राला परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात स्नैहिक धूमवर्तीसाठी वसा, घृत आणि मधूच्छिष्ट, म्हणजे मधमाश्यांचे मेण, यांचा उपयोग सांगितला आहे. त्याच अध्यायात गंध व माला धारण करण्याचे फळ सांगताना सौमनस्याचा, म्हणजे मनाच्या प्रसन्नतेचा, उल्लेख येतो. सुश्रुताने व्रणिताच्या रक्षणासाठी मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांचे धूपन दिवसातून दोनदा, दहा दिवस करण्यास सांगितले. काश्यपसंहितेतील धूपकल्पात सुमारे चाळीस धूप दिले आहेत. वाग्भटाच्या ज्वरचिकित्सेतील अपराजित धूप तर आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे.

औषधी धूपनाप्रमाणेच निव्वळ सुगंधनिर्मितीचेही स्वतंत्र शास्त्र आपल्याकडे होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर अध्याय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधरकृत ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह असलेला ‘गंधवाद’ या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. सुगंधी द्रव्ये कशी मिसळावीत, यावर मराठीत टीका लिहिण्याची गरज कोणास तरी वाटली होती, ही बाब लक्षणीय आहे.

यातून एक भेद स्पष्ट होतो. पूर्वाचार्यांनी धूपन हे चिकित्साकर्म मानले आणि गंधधारण हे प्रसन्नतेचे साधन मानले. दोन्हींचा आदर केला, परंतु एकाचे फळ दुसऱ्याच्या नावावर मांडले नाही. आज डबीवरील चार ओळींत हाच भेद पुसला जात आहे.

प्रत्यक्ष पाहिले ते

या विषयावर केवळ ग्रंथाधारे लिहिणे आम्हांस उचित वाटले नाही. म्हणून नाशकातीलच एका लहान घरगुती उत्पादक भगिनींकडून चंदन, गुलाब, वाळा आणि गवती चहा अशा चार मेणबत्त्या, तसेच मधमाश्यांच्या मेणाची एक सुगंधरहित मेणबत्ती, मूल्य देऊन घेतल्या व निरनिराळ्या दिवशी आपल्या बैठकीच्या खोलीत जाळून पाहिल्या. हा शास्त्रीय प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे. त्याच मर्यादेत ते वाचावे.

पहिली गोष्ट अशी की, सुगंध ज्योतीतून येत नाही. वातीभोवती मेण वितळून जे लहानसे तळे तयार होते, त्यातून तो उडतो. जे ज्योतीत जाते ते जळून जाते. तळे काठापर्यंत पोहोचले की गंध भरून येतो. वात लांब राहिली तर ज्योत फडफडते व वर धरलेल्या पांढऱ्या बशीवर काजळी धरते. वात सुमारे अर्धा सेंटिमीटर ठेवून कापली असता काजळी पुष्कळ कमी झाली. मधमाश्यांच्या मेणाची मेणबत्ती संथ जळली आणि तिला तिचा स्वतःचा मंद मधुर वास होता.

गवती चहाचा गंध ओळखीचा व स्वच्छ वाटला. वाळ्याचा गंध पेटवण्यापूर्वी ठळक, पेटवल्यावर क्षीण होता. ‘चंदन’ मात्र सहाणेवर उगाळलेल्या चंदनाची आठवण करून देणारे नव्हते. त्याचा गोडसर वास अंगाला लावण्याच्या पावडरीसारखा होता. ‘गुलाबा’ची गतही तीच. दार-खिडक्या बंद असताना आमच्या सहकाऱ्यांपैकी प्रतिश्यायाची प्रवृत्ती असलेल्या एकास शिंका सुरू झाल्या व खिडकी उघडल्यावर काही वेळाने थांबल्या. एका व्यक्तीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मान्य. परंतु असे रुग्ण आपल्या प्रत्येकाच्या प्रतीक्षागृहात बसलेले असतात.

उत्पादक भगिनींनी आमच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे प्रामाणिक होती. चंदन व गुलाब यांत कृत्रिम सुगंधतेल आहे आणि गवती चहाचे तेल ऊर्ध्वपातनाने काढलेले आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. त्यांनी पुढे जे सांगितले, ते आपल्या वर्गाने ऐकण्यासारखे आहे. डबीवर ‘आयुर्वेदिक’ आणि ‘निद्रानाशावर उपयुक्त’ असे छापून देण्याची मागणी त्यांच्याकडे एका औषधालयाच्या मालकाने केली होती. मेणात गुग्गुळाचे चूर्ण घालण्याची सूचनाही तेथूनच आली. त्यांनी घालून पाहिले, तेव्हा चूर्ण तळाशी बसले, वात चोंदली आणि ज्योत विझली. लेबलावर तो शब्द छापण्यास त्यांनी नकार दिला व ती मागणी हातची गेली.

मेणबत्ती म्हणजे धूपन नव्हे

गुग्गुळाने वात चोंदणे हा केवळ कारागिरीतील दोष नव्हे. त्यामागे आपल्याच शास्त्रातील संस्काराचे तत्त्व आहे. गुग्गुळ, राळ, वेखंड, कडुनिंब ही द्रव्ये निखाऱ्यावर पडतात तेव्हा त्यांचा धूर होतो, आणि ग्रंथोक्त कर्म त्या धुराचे आहे. मेणाचे तळे निखाऱ्याच्या मानाने फार थंड असते. तेथे राळवर्गीय द्रव्यांचा धूर होत नाही. केवळ उडनशील तेल तेवढे हवेत जाते. शिवाय वाळ्याचे तेल म्हणजे वाळा नव्हे. मुळाच्या काढ्याचे, शीतकषायाचे किंवा लेपाचे गुण त्याच्या ऊर्ध्वपातित तेलावर लादता येत नाहीत. मग कृत्रिम सुगंधतेलावर ते लादणे तर सर्वथा अनुचित होय.

किमतीचे साधे गणितही येथे उपयोगी पडते. दोनशे ग्रॅम मेणात शेकडा सहा या प्रमाणात सुगंधतेल घातले, तर ते बारा ग्रॅम होते. अस्सल चंदनतेलाचा भाव किलोला लाख रुपये धरला, तरी एका डबीत बाराशे रुपयांचे तेल जाईल. मग साडेतीनशे रुपयांच्या डबीत ‘शुद्ध चंदन’ कोठून येणार? गुलाबाचे किलोभर तेल काढावयास हजारो किलो पाकळ्या लागतात, त्यामुळे त्याचे गणित याहूनही कठीण आहे. उलट गवती चहाचे तेल स्वस्त असल्याने ते खरे असणे शक्य आहे. वनस्पतींचे भाव आपणांस रोजच्या खरेदीतून ठाऊक असतात. ग्राहकाला ते ठाऊक नसतात. हे गणित त्याच्या वतीने आपणच करावयाचे असते.

‘नैसर्गिक आहे, म्हणून निरुपद्रवी आहे’ हा समजही सोडला पाहिजे. लिंबूवर्गीय तेलांतील लिमोनिन हवेतील ओझोनशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइडसारखी क्षोभक द्रव्ये निर्माण करते. अगरबत्ती आणि आपला धूपही सूक्ष्म कण हवेत सोडतात. पाश्चात्त्य देशांतही हा व्यवसाय निर्दोष नव्हता. मेणबत्तीची वात ताठ राहावी म्हणून तिच्या गाभ्यात शिशाची तार घालण्याची पद्धत होती, आणि अमेरिकेने अशा वातींवर २००३ मध्ये बंदी घातली. चरकाने धूमपानाचे काल सांगितले, अतियोगाची लक्षणे सांगितली आणि गर्भिणीसह अनेकांना ते वर्ज्य केले. विषय धूमपानाचा असला, तरी त्यामागील सावधपणा बंद खोलीत तासन्‌तास जळणाऱ्या कोणत्याही सुगंधी वस्तूला लागू व्हावा. श्वासाचा रुग्ण, तान्हे मूल आणि गर्भिणी ज्या खोलीत आहेत, तेथे ती जाळू नये असा सल्ला देणे आपले कर्तव्य आहे.

कायद्याची बाजू

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यानुसार आयुर्वेदिक औषध म्हणजे रोगाचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध यांसाठी अधिकृत ग्रंथांतील पाठांनुसार तयार केलेले औषध, आणि त्याच्या निर्मितीस परवाना लागतो. स्वयंपाकघरात ओतलेली मेणबत्ती या व्याख्येत बसत नाही, आणि तिने बसावे असेही नाही. परंतु तिच्यावर रोगनाशाचा दावा छापताच स्थिती बदलते. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यात लेबल आणि वेष्टन हीसुद्धा जाहिरातच मानली आहे, रक्तदाबासारखे विकार त्याच्या अनुसूचीत आहेत, आणि अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणाराही दोषी ठरू शकतो. ‘रक्तदाब शांत करणारी मेणबत्ती’ विकणाऱ्या दुकानदारास ‘लेबल मी छापले नाही’ असे म्हणून सुटता येईलच, असे नाही.

आमचे मत

सुगंधी मेणबत्ती आपल्या दुकानात ठेवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. सौमनस्य हे लहान फळ नव्हे. दिवसभराच्या श्रमानंतर खोलीत दरवळणारा मंद गंध माणसाला सुख देत असेल, तर तेवढ्यासाठी ती विकणे पूर्णपणे प्रामाणिक आहे. आमचा आग्रह इतकाच की, ती सुगंधी वस्तू म्हणूनच विकली जावी. त्या दृष्टीने औषधालयाच्या चालकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात, असे आम्ही सुचवितो.

१. मेण कोणते आहे, म्हणजे पॅराफिन, सोयाबीनचे की मधमाश्यांचे, तसेच सुगंध वनस्पतीचा की कृत्रिम, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे व लेबलावर छापण्यास सांगावे.

२. विक्रीस ठेवण्यापूर्वी प्रत्येक प्रकारची एक मेणबत्ती स्वतः शेवटपर्यंत जाळून पाहावी. काजळी किती धरते, पेला किती तापतो किंवा तडकतो, हे पाहावे.

३. ‘आयुर्वेदिक’ हा शब्द, रोगाचे नाव किंवा ग्रंथाचा आधार लेबलावर असू नये. असल्यास माल परत करावा.

४. औषधांच्या फळीवर ती ठेवू नये. स्वतंत्र फळी ठेवावी.

५. वात कापणे, खिडकी किलकिली ठेवणे, मुले व पडदे यांपासून दूर ठेवणे आणि दमेकऱ्यांनी टाळणे, या सूचना विकताना तोंडी सांगाव्यात.

वैद्यांसाठी आमची विनंती वेगळी आहे. धूपनाची गरज असलेला रुग्ण समोर असेल, तर त्याला मेणबत्तीकडे पाठवू नये. द्रव्य, प्रमाण, काल आणि पात्र ठरवून धूपनच लिहून द्यावे. व्रणधूपन आपल्यापैकी किती जण आज प्रत्यक्ष करतात? आपण जे कर्म सोडून दिले, त्याची रिकामी जागा बाजाराने काचेच्या पेल्याने भरून काढली आहे. त्यात बाजाराचा दोष कमी, आपला आळस अधिक.

एका घरगुती उत्पादक स्त्रीने मागणी गमावूनही जो शब्द छापण्यास नकार दिला, तो शब्द आपल्या पदव्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर आहे. त्याचे मोल तिच्याइतके तरी आपणांस कळावे. सभासदांनी धूपनाचे स्वतःचे अनुभव, वापरलेली द्रव्ये, प्रमाण, रुग्णाची अवस्था आणि दिसलेले गुणावगुण यांसह संपादकांकडे लिहून पाठवावेत. जे यशस्वी झाले तेवढेच नव्हे, जे झाले नाही तेही पाठवावे.