जहाज तोडायचंय? आधी यादी दाखवा!

पावसाळ्यात आंजर्ल्याच्या खाडीवर गेलात, तर शाकारलेल्या होड्या दिसतील. लाकडी होडी अगदीच जुनी झाली, की तिच्या फळ्या, खिळे वेगळे काढायचे, इंजिन भंगारात द्यायचं. संपलं! पण लोखंडी जहाज म्हातारं झालं तर?

निसर्ग वादळ आठवतं? ३ जून २०२० ला त्याने आंजर्ल्याच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. त्याच वादळात 'बसरा स्टार' हे तेलवाहू जहाज रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिलं. तुम्ही म्हणाल, त्यात काय, गॅस कटर आणा नि कापा!

थांबा. कुठलंही जहाज कापण्याआधी त्यात काय दडलंय ते कळायला हवं. जुन्या जहाजात इंजिनाजवळच्या गरम नळ्यांना जाड गुंडाळी असते. ती ॲसबेस्टॉसची असू शकते. ते जळत नाही, म्हणून पूर्वी सर्रास वापरायचे. पण तोडताना त्याचे बारीक तंतू उडतात आणि श्वासातून फुफ्फुसात जाऊन बसतात. कामगाराला त्या दिवशी साधा खोकलाही येत नाही. आजार उमटतो तो वीस-तीस वर्षांनी! शिवाय रंगात शिसं, मोजयंत्रांत पारा, जुन्या विजेच्या तारांच्या वेष्टनात पीसीबी नावाची रसायनं. जहाजाच्या बुडाला कालवं चिकटू नयेत म्हणून टीबीटी घातलेला रंग लावत. त्यामुळे समुद्री गोगलगायींना पिल्लंच होईनात, तेव्हा कुठे जग जागं झालं. त्यावरच्या बंदीचा करार २००८ पासून लागू आहे.

मग हे सगळं शोधतात कसं? अगदी गुप्तहेरासारखं, बरं का! आधी जहाजाचे जुने नकाशे आणि खरेदीचे कागद चाळायचे. मग तळापासून वरपर्यंत हिंडून बघायचं. शंका आली, की ती जागा ओली करून छोटासा तुकडा काढायचा, पिशवीत बंद करायचा, जागेची नोंद करायची आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. तुकडा काढताच येत नसेल, तर 'विषारी असू शकेल' असंच लिहायचं. संशयाचा फायदा इथे जहाजाला नाही, कामगाराला!

यादी नसली तर काय होतं, ते 'क्लेमांसो'ने दाखवलं. ही फ्रान्सची विमानवाहू युद्धनौका गुजरातमध्ये अलंगला तोडायला निघाली. पण तिच्यात ॲसबेस्टॉस नेमका किती टन, यावरच भांडण! प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सने नौका परत बोलावली. शेवटी ती इंग्लंडमध्ये तोडली.

भारताने २०१९ मध्ये जहाज तोडणीचा कायदा केला. २००९ चा हाँगकाँग करार तर २६ जून २०२५ ला कुठे जगभर लागू झाला. युद्धनौकांना मात्र त्यातून सूट आहे. मला काही हे पटत नाही!

आता नवं मोठं जहाज बांधतानाच ही यादी सुरू होते. पुढे दुरुस्तीत यंत्र किंवा रंग बदलला, की यादीही बदलायची. जहाज विकलं, तर नव्या मालकाकडे यादी जहाजाबरोबरच जाते, शाळा बदलल्यावर तुमचा दाखला जातो ना, तशी!