विकण्याच्या कामाला पगार, मग आपल्याला का नाही?



मीरा-भाईंदर म्हणजे एके काळची मिठागरे, भाताची खाचरे आणि उत्तनचे कोळीवाडे. आज तिथे इमारतींचे रान आहे. सकाळच्या लोकलला लटकून तिथून जी मंडळी मुंबईला कामावर जातात, त्यांत टीव्ही कंपन्यांच्या मार्केटिंग खात्यातलेही असतात. काम काय? वाहिनी नावाचा माल खपवायचा. कोणते पॅकेज कोणाच्या गळ्यात मारायचे, दर काय लावायचा, मालिकेचा गाजावाजा कधी करायचा. केबलच्या नियमांत ताशी १२ मिनिटे जाहिरातीला दिली आहेत, त्यांतली २ खुद्द वाहिनीच्या प्रचाराला.

या पोरापोरींशी आमचे भांडण नाही. त्यांतली कितीतरी आपल्याच गावांतून गेली आहेत. विकणे हे काम आहे, डोक्याचे काम आहे आणि त्याला पगार हवाच.

सवाल एवढाच, की आपण विकतो ते काय आहे?

कापूस घरात किती दिवस ठेवायचा, जिनिंगला न्यायचा की बाजार समितीत, पेरा कशाचा वाढवायचा, हे मार्केटिंगच नव्हे काय? सरकारच्या वहीत त्याची नोंदही आहे. लागवडखर्चाच्या सरकारी पाहणीत सी-२ म्हणजे स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरून आलेला खर्च. त्यावर शेतकऱ्याच्या व्यवस्थापनाचे १० टक्के चढवले की सी-३ होतो. म्हणजे आपला पगार मोजलेला आहे, फक्त दिलेला नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपटीचा डांगोरा पिटला, पण ती दीडपट धरली ए-२ अधिक घरच्या मजुरीवर. खंड गेला, व्याज गेले, व्यवस्थापन तर दाराबाहेरच!

वाहिन्यांचे उलटे. २०१९ पासून लागू झालेल्या दरपद्धतीत वाहिनीचा मासिक दर कंपनीच जाहीर करते. सरकारने पॅकेजमधल्या वाहिनीला १९ रुपयांची मर्यादा घातली, ती १२ वर आणली, तर कंपन्या कोर्टात गेल्या. २०२२ मध्ये मर्यादा पुन्हा १९ झाली. आपल्याकडे निर्यातबंदीचा कागद रात्रीत निघतो आणि सकाळी भाव पडलेला असतो.

आणि पगार? २०१४ च्या कंपनी नियमांप्रमाणे (२०१६ ची दुरुस्ती धरून) शेअरबाजारातल्या कंपनीला वर्षाकाठी १ कोटी २ लाखांवर घेणाऱ्या नोकराचा तपशील भागधारकांसाठी नोंदवावा लागतो. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० रुपये. एवढ्या रकमेला १,३२३ क्विंटल कापूस लागेल. कोरडवाहूत एकरी ५ क्विंटल धरा, म्हणजे २६५ एकरांचे सगळे पीक; बियाणे, फवारणी, वेचणी काही न वजा करता. ज्वारीचा हिशेब ज्याने त्याने घरी करावा, आम्हाला तो लिहवत नाही.

भाव वाढला की महागाई वाढते, असे शहाणे सांगतात. साबणाच्या वडीत जाहिरातीचा खर्च असतो आणि त्यावर मार्केटिंगचा पगार निघतो, तेव्हा हेच शहाणे गप्प असतात.

जिल्हा बैठकीला येताना गेल्या हंगामाची हिशेबपट्टी आणा. सी-३ धरून हमीभाव काढावा, हा ठराव त्या पट्ट्या जोडूनच कृषिमूल्य आयोगाकडे धाडायचा आहे.