डबल कार्बोरेटरचा सोस

सरळच लिहितो. जुनी अँबेसेडर घेऊन महिना होत नाही तोच तिच्यावर डबल कार्बोरेटर चढवणाऱ्या लोकांचा मला राग येतो. हेवा नाही, राग. आणि ही माणसं कुणी परकी नाहीत, आपल्यातलीच आहेत. तिशीच्या अलीकडे-पलीकडे, पगार बरा, शनिवार-रविवार मोकळा, आणि आजोबांची किंवा सरकारी लिलावातली एखादी पांढरी गाडी हाताशी. तक्रार एकच, "पिकअप घेत नाही रे." उपायही एकच. इंग्लंडहून एमजीचा इनटेक मॅनिफोल्ड नि दोन एसयू कार्बोरेटर मागवायचे. ज्याच्याकडे जास्त पैसे, तो वेबरच्या गप्पा मारतो.

आता मुळात ही कल्पना येडपटपणाची नाही, हे आधी मान्य करू. अँबेसेडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. हेच इंजिन १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. तिथे दोन दीड इंची एसयू लावून त्याने आधी ६८ आणि नंतर ७२ हॉर्सपॉवर दिली. आपल्या गाडीत एका सव्वा इंची एसयूवर ते पन्नास-पंचावन्नच्या घरात. तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, चला, फरक कार्बोरेटरचाच!

इथेच गोची आहे. एमजीएचं कॉम्प्रेशन ८.३ होतं, साध्या मॉरिसमध्ये ते याहून बरंच कमी होतं. एमजीएच्या हेडमधले व्हॉल्व्हही मोठे होते. म्हणजे त्या लोकांनी अख्खं इंजिन एका हेतूने बांधलं आणि दोन कार्बोरेटर हा त्यातला एक तुकडा होता. आपण फक्त तो चकचकीत तुकडा उचलतो, कारण बॉनेट उघडल्यावर तोच दिसतो. कॉम्प्रेशन दिसत नाही ना!

मंडळी, दिवसभर आपण ऑफिसात काय करतो? अॅप्लिकेशन स्लो असेल तर आधी मोजतो, कुठे अडकतंय ते शोधतो. क्वेरी भिकार असताना नवा सर्व्हर मागणाऱ्या ज्युनिअरला आपण हसतो. मग शनिवारी गॅरेजमध्ये गेल्यावर आपली अक्कल कुठे जाते?

जरा मोजूनच बघा. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. १४८९ सीसी, ४००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त २९७८ लिटर हवा. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाहीत, ८० टक्के धरले तर साधारण २४०० लिटर. शहरात गाडी २००० आरपीएमच्या आसपास चालते, म्हणजे याच्या निम्मी. तेवढी हवा मूळचा एक एसयू आरामात देतो. तुमची तक्रार सिग्नलवरून उठतानाची आहे आणि औषध चाललंय पाच हजार आरपीएमचं.

दुसरी गोष्ट हेडची. बी-सिरीजच्या हेडला चार सिलिंडरसाठी इनटेकची तोंडं दोनच आहेत. एक आणि दोन नंबरचे सिलिंडर एका तोंडातून ओढतात, तीन आणि चार दुसऱ्यातून. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे एकाच तोंडातून लागोपाठ दोन घोट, मग विश्रांती. आता यावर चार घशांचे दोन वेबर लावले तर काय होणार? चार नळ, पण टाकीला भोकं दोनच. जाणकार लोक या इंजिनला एकच वेबर लावतात, एका तोंडाला एक घसा. आणि वेबरचा घसा ठरावीक मापाचा. तो फार मोठा निवडला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फवारलं जात नाही आणि अॅक्सिलरेटर दाबला की गाडी आधी आवंढा गिळते. एसयूचं तसं नाही. त्याचा पिस्टन हवेच्या मागणीप्रमाणे वर-खाली होतो आणि निमुळती नीडल जेटमधून तेवढंच पेट्रोल सोडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं हे यंत्र आपल्या बऱ्याच कोडपेक्षा शहाणं आहे.

तिसरी गोष्ट पेट्रोलची, आणि ती सगळ्यात गंभीर. २०२५ पासून आपल्या पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे जुन्याच नीडलवर मिश्रण पातळ होतं. तेच काम व्हायला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. गाडी गरम होते, पिकअप मरतो. शिवाय जुने रबरी पाइप आणि वॉशर इथेनॉलने फुगतात, तडकतात. एसयूच्या बरोबर खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो. तिथे पेट्रोल ठिबकलं तर पुढचं मी लिहायला नको. इंग्लंडहून आलेल्या त्या सुंदर जोडीतल्या नीडल्स एमजीच्या मापाच्या असतात, आपल्या पेट्रोलच्या नाही. आणि ठिबकायच्या जागा आता दुप्पट!

एका मित्राच्या गाडीचं हेच झालं. दोन कार्बोरेटर लागले, पण दोन्हींची हवा सारखी कुणी लावलीच नाही. पुढचे दोन प्लग काजळीने काळे, मागचे दोन पांढरेफटक. अॅव्हरेज पडला तो वेगळाच. त्याचा जुना कार्बोरेटर मी आधी हलवून बघितला होता. थ्रॉटलचा स्पिंडल खुळखुळत होता, तिथून फुकटची हवा आत जात होती. नवी बुश नि नवा स्पिंडल, एवढंच काम. पण तोवर गॅरेजवाल्याने तो भंगारात काढला होता.

म्हणून माझं म्हणणं असं. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. टॅपेट आणि टायमिंग लावा. मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा खातंय का बघा. एसयूच्या डॅशपॉटमध्ये तेल आहे का बघा. ते नसलं की पिस्टन एकदम उडतो आणि गाडी दचकते. पाइप इथेनॉल सोसणारे घाला आणि नीडल जाड मिश्रणाची. निम्म्या गाड्यांची "पिकअप नाही" ही तक्रार इथेच संपेल, असं मी पैजेवर सांगतो.

एवढं करूनही जास्त पॉवर हवी असेल तर खुशाल करा. "ओरिजिनलला हात लावायचा नाही" म्हणणाऱ्या सोवळ्यातल्या मंडळींशीही माझं जमत नाही. गाडी चालण्यासाठी असते, देव्हाऱ्यात ठेवायला नाही. पण मग पूर्ण करा. हेड, कॉम्प्रेशन, एक्झॉस्ट, आणि हो, ब्रेक! जुन्या अँबेसेडरला चारही चाकांना ड्रम आहेत हे विसरू नका. आणि मूळ मॅनिफोल्ड नि कार्बोरेटर तेल लावून, चिठ्ठी चिकटवून खोक्यात जपून ठेवा. रोलबॅकची सोय नसताना प्रॉडक्शनवर कोणी रिलीज करतं का?

२०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना थांबला. आता नवी गाडी बनणार नाही, आहेत त्याच टिकवायच्या. रबरी नळी कानाला लावून दोन कार्बोरेटरचा श्वास सारखा करणारे मिस्त्रीही म्हातारे झालेत. त्यांच्याकडे पार्सलचं खोकं घेऊन जाऊ नका, दुखणं घेऊन जा. ते आधी एसयूचं झाकण काढून पिस्टन बोटाने उचलतील, सोडतील आणि कान देतील. खाली टेकताना "टक्" असा स्वच्छ आवाज आला तर नीडल मोकळी आहे. तेवढं तरी शिकून घ्या. ते पार्सलने मिळत नाही.